भाऊ येरवड्यातून सुटून आलाय, बँकेचं काय काय करावं लागेल?

माहेरवाशीण_सातारा
जरा नाजूक विषय आहे म्हणून नवीन आयडीने लिहितेय. धाकटा भाऊ शिक्षा पूर्ण करून येरवड्यातून सुटला. आत गेला २०१५ ला, म्हणजे नोटाबंदी, यूपीआय सगळं त्याच्यामागे झालं. मध्ये संचित रजेवर यायचा पण तेवढ्या दिवसांत बँकेचं कोण बघतं. सुटताना मजुरीचे साठलेले पैसे मिळाले ते जसेच्या तसे माझ्या हातात दिले, म्हणाला ताई तूच ठेव. परवा दूध आणायला गेला, दुकानदार म्हणाला सुट्टे नाहीत स्कॅन करा, तर हा पिशव्या काउंटरवर ठेवून तसाच परत. त्याचं जुनं खातं एका सहकारी बँकेत आहे ते चालू होईल का? त्यावरचा मोबाईल नंबर आता भलत्याच माणसाकडे आहे. आणि आईच्या ट्रंकेत त्याच्या जुन्या पाचशेच्या सहा-सात नोटा निघाल्या, त्यांचं काही होतं का? आमचे हे म्हणतात सगळ्याची तुझ्या नावाने एफडी कर, विषय संपला.

निवृत्त_कॅशियर
ताई, खातं कुठे जात नाही. दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं, दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, पण हक्क त्याचाच राहतो, बँकेकडेच मागायचे. नव्याने केवायसी दिली की चालू करून द्यायला लागतं, त्याची फी नाही आणि निष्क्रिय खात्याला मिनिमम बॅलन्सचा दंडही लावता येत नाही, काउंटरवर कोणी मागितला तर लेखी द्या म्हणायचं, बहुतेक तिथेच गप्प होतात. पण आधी नवीन सिम त्याच्या स्वतःच्या नावावर, मग आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला, मग पॅन. पॅन-आधार लिंक नसेल तर हजार रुपये भरावे लागतील. बँक सगळ्यात शेवटी, नाहीतर ओटीपी त्या भलत्या माणसाकडे जात राहील. पाचशेच्या नोटा आता कुठेच बदलून मिळत नाहीत. दहापर्यंत जवळ ठेवल्या तर गुन्हा नाही, त्यामुळे आईला घाबरवू नका.

कोर्टात_रोज
मी वकिली करते, एकच सांगते पण ते नीट ऐका. सुटून आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत आतल्या ओळखीतलं कोणीतरी भेटतं, "भावा तुझं खातं दे फक्त, एटीएम आणि सिम माझ्याकडे, महिन्याला पाच-दहा हजार बसून." हे खातं भाड्याने देणं म्हणजे सायबर फ्रॉडचा पैसा त्यातून फिरणार. कोणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की खातं गोठतं आणि पोलीस ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याच दारात येतात, आणि त्यात याचा जुना रेकॉर्ड, कोण ऐकून घेणार. हे त्याला तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगा, लाजू नका. मोफत वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

टेंपोवाला_भोर
मिस्टरांचं पटलं नाही. कमावलेत त्याने, एफडी तुमच्या नावावर का? उद्या घरात काही झालं तर मागायला तोंड कोणतं. झिरो बॅलन्सचं बेसिक खातं काढून द्या, एटीएम फुकट मिळतं, यूपीआय त्यालाच जोडा आणि त्यात हजार-दोन हजारच ठेवा, बाकी जुन्या खात्यात. चुकला तरी तेवढेच जातील. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पाठ करून घ्या, आमच्या स्टँडवर चांगले शिकलेले यात फसलेत. दूध त्यालाच आणायला पाठवा, दुकानदारासमोर दहा रुपये चुकीचे गेले तर गेले.

निवृत्त_कॅशियर
टेंपोवाल्याशी सहमत. ताई, कर्जाचंही विचारून घ्या. २०२२ ला राज्य सहकारी बँकेने येरवड्यात कैद्यांसाठी कर्ज सुरू केलं होतं, पन्नास हजारांपर्यंत, सात टक्के, हप्ता मजुरीतून. बरेच जण वकिलाच्या फीसाठी नाहीतर मुलांच्या शाळेसाठी घ्यायचे. घेतलं असेल तर बाकी किती ते बघा. आत जायच्या आधीचं काही आहे का?

माहेरवाशीण_सातारा
जेलमधलं नाही घेतलं, विचारलं. पण बाईकचं होतं! बाईक फायनान्सवाल्यांनी तेव्हाच ओढून नेली. आता वसुलीवाला फोन करतोय, निम्मे भरा आज, मिटवून टाकतो म्हणतो.

कोर्टात_रोज
फोनवरच्या माणसाला एक रुपया पाठवायचा नाही. आधी सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात ते कर्ज अजून दिसतंय का आणि कोणाच्या नावाने ते बघा. मग कंपनीकडून बाईक कितीला विकली आणि ती रक्कम कर्जातून वजा केली का याचा हिशोब लेखी मागा. निम्म्यात मिटवलं तर रिपोर्टवर "सेटल्ड" लागतं, पुढे टेंपोसाठी लोन मागायला गेला की ते आडवं येतं. त्यात इतकी जुनी वसुली मुदतीच्या कायद्यात बसते का, म्हणजे कोर्टात मागायची मुदत संपली का, हाही प्रश्न आहे, त्यामुळे वकिलाला कागद दाखवल्याशिवाय "भरतो" असं लिहून द्यायचं नाही, व्हॉट्सॲपवर सुद्धा नाही.