कंदिलांच्या गर्दीत कॅमेरा घेऊन: तुमचे अनुभव लिहा

दिवाळीत परदेशातल्या बाल्कनीतही आपण एक आकाशकंदील लावतोच. पण ज्या देशात राहतो तिथलाही कंदिलांचा सण असतो, आणि त्या गर्दीत कॅमेरा घेऊन शिरलेले आपल्यात बरेच जण आहेत. काळोख, रेटारेटी, सतत हलणारा उजेड. यात फोटो कसे काढलेत, काय हुकलं, काय हाती लागलं ते लिहा. कॅमेऱ्याचे आकडेही द्या, पुढच्याला उपयोग होईल. सुरुवात मी करते, पुढचे अनुभव एकेका शहरातून वेगवेगळ्या जणांनी लिहिलेले आहेत.

चिआंग माई, थायलंड

बँकॉकला आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात रात्रीच्या गाडीने चिआंग माई गाठलं. तिथला आकाशात कंदील सोडायचा यी पेंग आणि नदीत दिवे सोडायचा लॉय क्राथोंग एकाच पौर्णिमेला येतात, आणि ती बहुतेक वर्षी आपली त्रिपुरी पौर्णिमाच असते. केळीच्या खोडाची चकती, तिला पानांच्या घड्यांची झालर, वर फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती. ते हातात घेऊन पिंग नदीच्या काठावर बसले आणि घाटावर द्रोणात वात लावून सोडणारी आजी डोळ्यांपुढे आली.

फोटो मात्र जमेनात. नवरात पुलावर इतकी दाटी की कोपर उचलता येईना, ट्रायपॉड उघडायचा प्रश्नच नव्हता. वर शेकडो कंदील होते, पण फोटोत काळ्या कापडावर पिवळे ठिपके सांडल्यासारखं दिसत होतं. तासाभराने शेजारचं एक कुटुंब कंदील पेटवायला लागलं. पातळ कागदाची मोठी पिशवी, खाली तारेच्या कड्यात मेणाचा काकडा. आत गरम हवा भरेपर्यंत सगळ्यांनी मिळून तो धरून ठेवायचा. मिनिटभर तरी लागतं. तेवढ्या वेळात सगळे चेहरे खालून सोनेरी होतात, कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष ज्योतीकडे. मी ३५ मिमी लेन्स, एफ १.८, १/१२५, आयएसओ १६०० ठेवलं, कंदील चौकटीच्या कडेला सारला आणि माणसं घेतली. त्या रात्रीचे मी ठेवलेले सगळे फोटो अशा मिनिटांतले आहेत. कंदील हातातून सुटला की चेहऱ्यांवरचा उजेडही त्याच्याबरोबर वर जातो.

शहरात ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेतच कंदील सोडायची परवानगी असते आणि तेवढ्या काळात विमानांच्या वेळा बदलतात किंवा उड्डाणं रद्द होतात. परतीचं तिकीट काढताना हे लक्षात ठेवा.

पिंगशी, तैवान

तैपेईत पीएचडी करत होतो तेव्हाची गोष्ट. चिनी पहिल्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे साधारण आपली माघी पौर्णिमा. पिंगशीतल्या शिफेनच्या मैदानात कंदील तुकड्या-तुकड्यांनी सोडतात, एका वेळी शेकडो. माझ्या पहिल्या तीन तुकड्या वाया गेल्या. कॅमेरा काळं आकाश मोजून उजेड वाढवत होता आणि कंदील नुसते पांढरे भगभगीत. लोकांनी ब्रशने चारी बाजूंना इतकं मन लावून लिहिलेली मागणी, त्यातलं एक अक्षर उरलं नव्हतं. चौथ्या तुकडीला एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दीड स्टॉप खाली आणलं, ऑटोफोकस बंद केला आणि फोकस हाताने कागदावरच्या शाईवर लावला. मग अक्षरं आली, अक्षरांमागची ज्योतही आली. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल) काढा, म्हणजे सावल्या नंतर वर आणता येतात.

पावसाची तयारी ठेवाच, तो डोंगर ओलाच असतो. लेन्सवर एक थेंब पडला तरी प्रत्येक कंदिलाला शेपूट फुटतं. मी शर्टाच्या आत जुन्या धोतराचा तुकडा ठेवला होता, त्याच्याइतकं चांगलं काही पुसत नाही. परतीच्या बसची रांग दोन तासांची होती.

आठवड्याने त्याच डोंगरात फिरायला गेलो. झाडांवर कंदिलांचे सांगाडे लोंबत होते, कागद भिजून चिकटलेला. त्यांचेही फोटो काढले आणि दोन्ही मालिका शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्यानंतर मी स्वतः कंदील सोडलेला नाही.

हिरोशिमा, जपान

वरचं चेहऱ्यांबद्दलचं वाचून लिहावंसं वाटलं. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी मोतोयासु नदीत, अणुबॉम्ब घुमटासमोर (हल्ल्यातून उरलेली इमारत) कागदी कंदील सोडतात. इथे मी चेहरे घेतले नाहीत. काठावरच्या एका आजींनी कंदील पाण्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ हात तसाच पुढे ठेवला. त्या हाताचा फोटो घेऊ का, असं विचारलं. त्यांनी मान हलवून हो म्हटलं. एकच फोटो काढला.

नागासाकी, जपान

चिनी नववर्षाला इथे शहरभर सुमारे १५,००० कंदील लागतात. मूळचा चायनाटाउनमधला सण १९९४ पासून सगळ्या शहराचा झाला. माझी आवडती जागा मेगाने-बाशी, १६३४ चा दगडी पूल. दोन कमानी आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब मिळून चष्मा दिसतो, म्हणून हे नाव. नदीवर पिवळ्या कंदिलांच्या माळा. दिवे लागल्यावर पहिली वीस मिनिटं, आकाश निळं असेपर्यंतच इथे काम करा. नंतर सगळं काळं आणि पिवळं, बाकी रंगच उरत नाहीत.

टोकियोहून येणाऱ्यांसाठी: पूर्व जपानात वीज ५० हर्ट्झची आहे, इथे ६०, म्हणून दिव्यांचं लुकलुकणंही वेगळं. तिकडच्या सवयीने सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर १/१०० सेकंदाला ठेवलं तर एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. १/६० किंवा १/१२५ वर या.

सोल, दक्षिण कोरिया

बुद्धजयंतीच्या आधी इथे कमळकंदिलांची मिरवणूक निघते, दोंगदेमुनच्या वेशीपासून जोंग्नो रस्त्याने जोग्येसा मंदिरापर्यंत. २०२० साली युनेस्कोने तिची अमूर्त वारशात नोंद केली. मिरवणुकीचे फोटो सगळेच काढतात. माझा अनुभव मंदिराच्या अंगणातला आहे.

तिथे एका भागात डोक्यावर रंगीत कंदिलांचं छत असतं, ते जिवंत माणसांसाठी. दुसऱ्या भागात सगळे पांढरे, गेलेल्यांसाठी. प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. २०२१ मध्ये बाबा गेले तेव्हा मला पुण्याला पोचता आलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा कंदील लावला. चिठ्ठीवर मी देवनागरीत लिहितोय हे पाहून तिथल्या बाईंनी कोरियनमध्येही लिहायला पेन पुढे केलं, उच्चार विचारून विचारून स्वतः अक्षरं जुळवून दिली.

फोटोत मात्र तो पांढरा कंदील पिवळा यायचा, शेजारच्या रंगीत छताच्या उजेडाने. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने रंग आपोआप जुळवणं) बंद केला आणि रंगाचा आकडा हाताने उतरवत गेलो. ३२०० केल्विन, मग ३०००, मग २८००. मागे माणसं खोळंबली होती, पण कोणी घाई केली नाही. २८०० ला तो पांढरा आला आणि खालची चिठ्ठी वाचता आली. आईला तिथूनच पाठवला.