अध्यादेशाचा अधिकार आहे तसाच राहावा का?

सनदशीर

केंद्र सरकारच्या अधिकारांवर चर्चा निघाली की ती पंतप्रधान कार्यालय आणि तपास यंत्रणा यांच्यापलीकडे फारशी जात नाही. माझ्या मते खरी ढिलाई राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ मध्ये आहे. संसदेचं एक जरी सभागृह सत्रात नसेल आणि तातडीनं काही करणं भाग आहे अशी राष्ट्रपतींची खात्री पटली, तर अध्यादेश, म्हणजे संसदेच्या मंजुरीआधीच लागू होणारा तात्पुरता कायदा, काढता येतो. ही खात्री व्यवहारात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच पटते. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत विधेयक मंजूर झालं नाही तर अध्यादेश संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, म्हणजे एका अध्यादेशाचं आयुष्य जास्तीत जास्त साडेसात महिने.

कागदावर मर्यादा नेटकी दिसते. पण अधिवेशन कधी बोलवायचं आणि सत्रसमाप्ती (सत्र औपचारिकपणे संपवणं) कधी करायची, हेही त्याच मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं ठरतं. २०१५ चं उदाहरण घ्या. भूसंपादन दुरुस्ती अध्यादेश ३१ डिसेंबर २०१४ ला निघाला. लोकसभेनं १० मार्चला विधेयक मंजूर केलं. राज्यसभेत सरकारकडे संख्याबळ नव्हतं. अध्यादेश एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणार होता, पण अर्थसंकल्पी अधिवेशनाची फक्त मधली सुट्टी चालू होती आणि सुट्टीतही सभागृह सत्रातच असतं. म्हणून मार्चअखेर एकट्या राज्यसभेची सत्रसमाप्ती केली गेली आणि ३ एप्रिलला अध्यादेश पुन्हा निघाला. ३० मे रोजी तिसऱ्यांदा. ३१ ऑगस्टला तो आपोआप संपला, कायदा झालाच नाही. ज्या सभागृहाची संमती मिळत नव्हती त्याचंच सत्र संपवून जिवंत ठेवलेला हा अध्यादेश होता.

माझी सूचना: अनुच्छेद १२३ मध्येच लिहावं की अध्यादेश निघाल्यापासून ३० दिवसांत संसद भरलीच पाहिजे आणि तोच मजकूर पुन्हा अध्यादेश म्हणून काढता येणार नाही. ही घटनादुरुस्ती विशेष बहुमतानं होऊ शकते. अनुच्छेद ३६८ मध्ये राज्यांची मान्यता लागणाऱ्या तरतुदींची यादी आहे, त्यात १२३ नाही.

राजपत्रवाचक

असहमत. २०१५ चं उदाहरण वाईट आहे हे मान्य, पण त्यावरून औषध ठरवू नका.

२०२० बघा. २३ मार्चला संसद तहकूब झाली, ती थेट १४ सप्टेंबरला भरली. मधल्या काळात डॉक्टर आणि परिचारिकांवर हल्ले होत होते आणि हातात होता १८९७ चा साथरोग कायदा, ज्यात या गुन्ह्यासाठी नेमकी तरतूदच नव्हती. २२ एप्रिलच्या अध्यादेशानं हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र केला, तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड ठेवला, तपास ३० दिवसांत पूर्ण करायचं बंधन घातलं. ५ जूनला दिवाळखोरी संहितेत बदल करून २५ मार्चनंतरच्या थकबाकीसाठी कंपनीविरुद्ध अर्ज करणं थांबवलं. तुमची ३० दिवसांची अट त्या वेळी असती तर विमानं आणि रेल्वे बंद असताना साडेसातशेहून जास्त खासदार दिल्लीत कसे आणले असते?

दुसरं म्हणजे काही निर्णय आधी कळले तर त्यांचा उपयोगच राहत नाही. २० सप्टेंबर २०१९ ला कंपनी कराचा दर २२ टक्क्यांवर आणला तो अध्यादेशानं. विधेयक आणून चार आठवडे चर्चा झाली असती तर तेवढे दिवस गुंतवणुकीचे निर्णय ताटकळले असते. अध्यादेश ही दिलेली मुदत आहे, संसदेला वळसा नाही. तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावाच लागतो आणि कोणताही सदस्य निरनुमोदनाचा, म्हणजे नापसंतीचा, ठराव मांडू शकतो.

तळटीप

निरनुमोदनाच्या ठरावाबद्दल थोडं. अध्यादेश त्या वाटेनं पाडायचा तर ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो. लोकसभेत बहुमत असलेलं सरकार असताना हे घडत नाही. प्रत्यक्षात तो ठराव आणि विधेयक यांची चर्चा एकत्र होते, ठराव आवाजी मतदानानं फेटाळला जातो आणि लगेच विधेयक घेतलं जातं.

पटलावर

न्यायालयानं यात काय केलं ते इथे यायला हवं.

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे अध्यादेश एकेक करून तपासले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले होते आणि त्यांतले ६९ पुन्हापुन्हा काढून जिवंत ठेवले होते. काही तर १४ वर्षांपर्यंत चालले. पद्धत ठरलेली होती: अधिवेशन संपलं की एकगठ्ठा अध्यादेश पुन्हा राजपत्रात. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. मात्र सत्र लहान असेल किंवा सभागृहापुढे कामाचा फार भार असेल तर पुन्हा काढता येईल, अशी फटही ठेवली.

ही फट २ जानेवारी २०१७ ला बरीच बुजली. प्रकरण पुन्हा बिहारचंच, ४२९ खासगी संस्कृत शाळा सरकारनं ताब्यात घेण्याबद्दलचं. सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बहुमतानं सांगितलं की अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक आहे. अध्यादेश संपल्यावर त्यातून मिळालेले हक्क आपोआप टिकत नाहीत. ते टिकवणं सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य आहे का, हे तपासावं लागेल. याआधी १९६२ आणि १९८५ चे निर्णय उलट दिशेचे होते.

म्हणजे बंदी आता आहेच. नवी घटनादुरुस्ती कशाला?

सनदशीर

@पटलावर, बंदी आहे तर २०१७ नंतर काय झालं ते बघा. तिहेरी तलाकचा अध्यादेश १९ सप्टेंबर २०१८ ला निघाला, मग १२ जानेवारी २०१९ ला आणि पुन्हा २१ फेब्रुवारीला. विषय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. तिन्ही वेळा राज्यसभेत विधेयक अडकलेलं होतं. न्यायालयात आव्हान देऊन निकाल येईपर्यंत अध्यादेश एकतर कायदा झालेला असतो किंवा संपलेला असतो. त्यामुळे बंदी राजपत्राच्या छपाईआधी लागू व्हायला हवी, आणि ते घटनेच्या मजकुरातूनच होईल.

@राजपत्रवाचक, साथीचा मुद्दा रास्त आहे. सभागृह भरवणं शारीरिकदृष्ट्या अशक्य असेल तर ३० दिवसांना अपवाद ठेवा, पण तो अपवाद राष्ट्रपतींनी कारणांसह राजपत्रात जाहीर करायला हवा. कंपनी कराचा मुद्दा मात्र पटला नाही. ती घोषणा सकाळी झाली आणि अध्यादेश त्याच दिवशी आला. विधेयकात 'अमुक तारखेपासून लागू' असं लिहून अधिवेशन बोलावता आलं असतं. २१ जुलै १९६९ ला संसद भरणार होती आणि १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला १९ जुलैला, शनिवारी. दोन दिवस थांबण्याची तयारी नव्हती. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, सवय तीच.

राजपत्रवाचक

१९६९ मध्ये दोन दिवसांनी फरक पडलाच असता. ताबा जाणार हे कळलेल्या बँकेच्या संचालकांच्या हातात अख्खा आठवडा द्यायचा का? विधेयक मांडल्यापासून मंजूर होईपर्यंत जुनेच संचालक कारभार बघतात.

पुन्हा काढण्यावरची सरसकट बंदी तर उलट नुकसान करेल. अध्यादेशाच्या जागी येणारी विधेयकं समितीकडे सहसा जात नाहीत, कारण सहा आठवड्यांचं घड्याळ चालू असतं. जी गेली ती बघा. शत्रू मालमत्ता विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं, म्हणून ७ जानेवारी २०१६ चा अध्यादेश त्या वर्षात आणखी चार वेळा काढावा लागला आणि कायदा झाला मार्च २०१७ मध्ये. तुम्ही बंदी घाला, मग कोणतंही सरकार असं विधेयक समितीकडे पाठवणार नाही. सहा आठवड्यांत रेटून नेईल. छाननी हवी की घाई, हे आधी ठरवा.

मध्यस्थ

समितीचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. उपाय आहे: विधेयक समितीकडे गेलं तर सभागृहानं ठराव करून मुदत एकदाच वाढवावी. पाकिस्तानच्या घटनेत अनुच्छेद ८९ असाच आहे. अध्यादेश १२० दिवसांचा, नॅशनल असेंब्लीच्या ठरावानं एकदाच आणखी १२० दिवस. मुदत वाढवायचा हक्क सभागृहाकडे गेला की मंत्रिमंडळाला मतं मोजावी लागतात.

इटलीत नियम आणखी कडक आहे. सरकारचा तातडीचा हुकूम त्याच दिवशी संसदेकडे जातो, सभागृहं विसर्जित असली तरी पाच दिवसांत भरतात आणि ६० दिवसांत कायदा झाला नाही तर हुकूम पहिल्या दिवसापासून रद्द होतो. १९९६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं तोच हुकूम पुन्हा काढणंही बंद केलं. त्याचा दुष्परिणामही सांगतो. सरकारं आता एकाच हुकुमात बरेच विषय कोंबतात आणि ६० दिवसांत तो मंजूर करून घेण्यासाठी विश्वासदर्शक मतदान लावतात. मुदत आवळली की विषयांची गर्दी होते, हे सनदशीर यांनी मसुद्यात धरायला हवं.

तळटीप

मुदत विसरली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. २८ ऑक्टोबर २०२० ला दिल्ली परिसराच्या हवेसाठी आयोग नेमणारा अध्यादेश निघाला. पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, एवढे अधिकार होते. १९९८ पासूनचं जुनं प्राधिकरण त्यासाठी बंद केलं. त्या वर्षी हिवाळी अधिवेशन झालंच नाही. २९ जानेवारी २०२१ ला संसद भरली, तिथून ४२ दिवस मोजा: १२ मार्च. विधेयक आलं नाही आणि आयोग त्या दिवशी संपला. जुनं प्राधिकरणही गेलेलं. १३ एप्रिलला पुन्हा अध्यादेश काढावा लागला. इथे विरोधकांनी काही अडवलं नव्हतं, फक्त वेळेत विधेयक मांडलं गेलं नाही. कायमस्वरूपी संस्था अध्यादेशानं उभारूच नये, एवढी एक अट तरी घाला.

सहीपूर्वी

राष्ट्रपतींचा उल्लेख इथे फक्त शिक्का म्हणून झालाय, ते बरोबर नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं राष्ट्रपतींना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. ऑगस्ट २००२ मध्ये राष्ट्रपती कलाम यांनी उमेदवारांनी द्यायच्या माहितीबद्दलचा अध्यादेश असाच परत पाठवला. मंत्रिमंडळानं तोच पुन्हा धाडला आणि मग सही झाली. २०१३ मध्ये दोषी लोकप्रतिनिधींना वाचवणाऱ्या अध्यादेशावर राष्ट्रपती मुखर्जींनी मंत्र्यांकडून खुलासा मागितला होता. सत्ताधारी पक्षातूनही विरोध झाला आणि २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळानं तो मागे घेतला.

सनदशीर

@सहीपूर्वी, तुमच्याच उदाहरणात कलामांना शेवटी सही करावी लागली.

त्याच ४४ व्या दुरुस्तीचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. १९७५ च्या ३८ व्या दुरुस्तीनं राष्ट्रपतींची 'खात्री' अंतिम ठरवून न्यायालयाला दार बंद केलं होतं, ते कलम काढलं गेलं. खात्री तपासता येते तर ती लिहिलेलीही असायला हवी. लोकसभेचा नियम ७१ म्हणतो की अध्यादेशाच्या जागी विधेयक मांडताना तातडी का होती याचं निवेदन द्यावं. विधेयकच आलं नाही, जसं हवा आयोगाच्या वेळी १२ मार्चपूर्वी झालं, तर निवेदनही नाही. म्हणून सुधारित मसुदा असा: कारणं अध्यादेशाबरोबरच राजपत्रात, संसद ३० दिवसांत, अशक्य असेल तर नोंदवलेला अपवाद, विधेयक समितीकडे गेलं असेल तरच आणि दोन्ही सभागृहांच्या ठरावानं एकदा मुदतवाढ, तळटीप यांची संस्थांबद्दलची अट, आणि इटलीचा अनुभव धरून एका अध्यादेशात एकच विषय.

राजपत्रवाचक

कारणं राजपत्रात छापणं आणि एक विषय, या दोन्हींना माझी हरकत नाही. त्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही, मंत्रिमंडळानं ठरवलं तर उद्यापासून होईल.

३० दिवसांना विरोध कायम. अधिवेशनासाठी साधारण १५ दिवस आधी समन्स जातं. तातडी असेल तर लोकसभेच्या नियम ३ खाली वैयक्तिक समन्सऐवजी राजपत्रात आणि वृत्तपत्रांत जाहीर करून सदस्यांना कळवायची मुभा आहे, म्हणजे संसद लवकर बोलावता येते हे खरं. पण जूनमध्ये एक अध्यादेश, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाळी अधिवेशन, आणि मध्ये एका विधेयकासाठी दोन दिवसांचं वेगळं सत्र? त्या दोन दिवसांत प्रश्नोत्तरं नसतील, समिती नसेल, फक्त मतदान असेल. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली, सतरावी २७४. वर्षाच्या बैठकांचं वेळापत्रक घटनेत पक्कं करा, त्यासाठी संसद कधी भरवायची हे सांगणारा अनुच्छेद ८५ बदला. संसद वर्षातून १०० दिवस ठरलेल्या तारखांना बसणार असेल तर १२३ वापरायला जागाच कमी उरेल.

सनदशीर

८५ वर पूर्ण सहमत, तो मसुद्यात पहिला घेतो. ३० दिवस मात्र ठेवतोय. ठरलेल्या तारखाही एका आठवड्यासाठी हुकणार असतील, तर हुकलेल्या आठवड्यात निघालेल्या अध्यादेशाला कुठलीतरी शेवटची तारीख हवीच.