जुन्या जेडपात्रांवर छ्यानलोंगच्या कविता : जपणूक की नासधूस?

शाईदौत (धागाकर्ती)

बीजिंगमध्ये बेइहाई बागेच्या तोंडाशी थुआनछंग नावाचा गोल तट आहे. तिथे जेडचं, म्हणजे एका कठीण मौल्यवान दगडाचं, अवाढव्य मद्यपात्र ठेवलंय. मंगोल सम्राट कुबलाई खानासाठी १२६५ साली पूर्ण झालेलं, एकाच दगडातलं, वजन सुमारे साडेतीन टन. काळपट-हिरव्या दगडावर सगळीकडून खवळलेल्या लाटा आणि त्यांतून वर येणारे ड्रॅगन, मासे, घोडे. त्याच्या घराण्याची युआन राजवट गेली, पात्र एका ताओ मंदिरात जाऊन पडलं आणि तिथले पुजारी त्यात भाज्या खारवायला लागले. १७४५ मध्ये छिंग सम्राट छ्यानलोंगने ते विकत घेतलं.

इथवर त्याचे उपकारच. पण १७४६ ते १७५३ या काळात त्याने चार वेळा त्यावर कारागीर बसवले, नक्षी पुन्हा उकरून घेतली आणि आतल्या बाजूला स्वतःच्या कविता कोरवल्या.

जेडवर छिन्नी चालत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. बहुतेक जुन्या चिनी पात्रांचा जेड म्हणजे नेफ्राइट हा दगड. त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ठोकून नक्षी निघत नाही. ओली कणदार वाळू, फिरती चाकती आणि गिरमिट घेऊन महिनोन्‌महिने घासत बसायचं. म्हणजे एकेक रेघ ही कुणाच्या तरी हाताचा वेग आणि दाब असते. त्यावर दुसऱ्याने पुन्हा घासलं की पहिला हात कायमचा गेला. तेराव्या शतकातले त्या ड्रॅगनांचे खवले नेमके कसे होते, हे आता तो दगड पूर्णपणे सांगू शकत नाही. मी याला नासधूसच म्हणते.

उत्तरवाट

ठाम असहमत. जेडपात्रावर मालकाने नाव घालणं ही आशियाभरची रीत होती. लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयातला पांढऱ्या जेडचा तांब्या पाहा. समरकंदचा तिमुरी राजा उलुघ बेग याचं नाव त्याच्या गळ्याभोवती आहे, काठावर जहांगीरचं (१६१३) आणि मुठीखाली शाहजहानचं. ती नावं खरवडून काढा असं कुणी म्हणेल का? त्या तांब्याचा समरकंद ते आग्रा हा प्रवास आपल्याला त्या नावांमुळेच तर कळतो. छ्यानलोंगने वेगळं काय केलं?

शाईदौत

वेगळं हे केलं की जहांगीरने मोकळी जागा वापरली. आधीच्या कारागिराच्या कामावर घासलं नाही. आतल्या कवितांचं मीही एक वेळ सोडून देईन, माझी तक्रार बाहेरच्या लाटांबद्दल आहे.

कातळरेघ

कवितांचंही सोडू नये. ब्रिटिश म्युझियममध्ये जेडची एक 'बी' चकती आहे, मधोमध भोक असलेली, साधारण इ. स. पूर्व १२०० ची. छ्यानलोंगला वाटलं की ही वाडग्याची बैठक. त्याने तसा वाडगा शोधून तिच्यावर ठेवला आणि १७९० मध्ये चकतीवरच तशी कविता कोरवली. त्याचा तर्क साफ चुकीचा होता, पण तीन हजार वर्षांच्या सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर तो आता कायमचा बसलाय. कागदावर लिहिता आलं असतं.

उत्तरवाट

कागदावर लिहिलं असतं तर ती चकती आणि तो विचार एकत्र राहिले नसते. अठराव्या शतकातला एक माणूस प्राचीन वस्तू हातात घेऊन 'ही काय असेल' असा प्रश्न विचारतोय, हा पुरावा मला मोलाचा वाटतो. शिवाय तो डोळस होता. हिंदुस्थानातून दरबारात आलेल्या मुघल वाडग्यांचं पातळपण पाहून त्याने कौतुकाच्या कविता लिहिल्या, आणि आपल्याच काळातल्या भडक, अतिनक्षीदार कामाला जेडवरचं संकट म्हटलं.

भुईकमळ

मी शाईदौतच्या बाजूने. मूळ हात काय चीज असतो ते पाहायचं तर ग्वांगझौला १९८३ मध्ये सापडलेल्या, नानयुए या जुन्या दक्षिणी राज्याच्या राजाच्या थडग्यातला शिंगाच्या आकाराचा प्याला पाहावा. इ. स. पूर्व दुसरं शतक, उंची १८.४ सेंटिमीटर. खालचं टोक दोरासारखा पीळ घेऊन वर वळतं आणि प्याल्याच्या अंगाला बिलगतं. नक्षी आधी नुसती उथळ, मग उठावाची, आणि शेवटी जवळजवळ सुटी. एकाच दगडात खोली अशी वाढवत नेणाऱ्याला पुढची प्रत्येक रेघ आधी ठाऊक असणार. त्यावर कुणी 'सुधारणा' केली असती तर ही चढण आपल्याला दिसलीच नसती.

उत्तरवाट

तो प्याला दोन हजार वर्षं जमिनीखाली होता. आन्यांगला शांग काळातल्या फू हाओ राणीच्या थडग्यात १९७६ मध्ये मिळालेल्या ७५५ जेडवस्तूंचंही तेच. एवढ्या काळात त्या कुणी पाहिल्या नाहीत, त्यांच्यापासून कुणी काही शिकलं नाही. कुबलाईचं पात्र मात्र सतत माणसांत राहिलं. माणसांत राहिलेल्या वस्तूला हात लागणारच.

शाईदौत

हात लागणं आणि हत्यार लागणं यात फरक आहे. मंदिरात कितीतरी काळ भाज्या खारवल्या गेल्या, त्याने नक्षीची एक रेघ बदलली असेल असं मला वाटत नाही. सात वर्षांच्या राजकौतुकाने बदलली. आणि पात्र इतकं प्रिय होतं तर त्याची मूळ बैठक मागे कशी राहिली? ती आजही बीजिंगच्याच फायुआन मंदिरात आहे, पात्र थुआनछंगमध्ये दुसऱ्याच बैठकीवर. जपणूक करायची तर ते दोन दगड आधी एकत्र आणायला हवे होते. तेवढं काम त्याने केलं नाही, आणि नंतरही कुणी केलेलं नाही.