नियम पाठ आहेत, तरी चूक ओळखण्याच्या प्रश्नांत मार्क जातात. सराव नेमका कसा करावा?

वाटचाल_सरळसेवा (प्रश्न)

नमस्कार. सरळसेवा (राज्याची थेट भरती) आणि एसएससी सीजीएल (केंद्राची पदवीधरांसाठीची भरती परीक्षा) अशी दुहेरी तयारी चालू आहे. शिक्षण मराठी माध्यमातून. काळ, व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट यांचे नियम पाठ आहेत, पण एरर स्पॉटिंगचं वाक्य समोर आलं की सगळं बरोबरच वाटतं आणि मी 'नो एरर' टिक करतो. कालच्या टेस्टमधली ही तीन वाक्यं बघा. तिन्हींना मी 'नो एरर' दिलं आणि तिन्ही चुकली:

१) ही इज वर्किंग इन धिस ऑफिस सिन्स फाइव्ह इयर्स.
२) अनटिल यू डू नॉट पे द फी, यू विल नॉट गेट द हॉल तिकीट.
३) द क्वालिटी ऑफ द मँगोज सेंट बाय द ट्रेडर्स वेअर पुअर.

दुसरं म्हणजे शब्दसंग्रह. रोज पन्नास शब्दांची यादी करतो, पंधरा दिवसांत निम्मे विसरतो. आणि निगेटिव्ह मार्किंग असताना अंदाज मारावा की प्रश्न सोडावा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

विभक्तीवाला

पहिली दोन वाक्यं तुम्हाला बरोबर वाटली, कारण मराठीत ती बरोबरच आहेत. 'तो पाच वर्षांपासून या ऑफिसात काम करतोय.' यात 'पासून' कालावधीलाही चालतो ('पाच वर्षांपासून') आणि सुरुवातीच्या क्षणालाही ('२०१९ पासून'). इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि क्षणाला 'सिन्स', अशी वाटणी आहे. शिवाय मराठीत 'करतोय' हा चालू वर्तमान चालतो, तिथे इंग्रजीला 'हॅज बीन वर्किंग' लागतं. म्हणजे त्या एका वाक्यात दोन चुका आहेत. परीक्षेत बहुधा एकच ठेवतात, त्यामुळे 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसला की दोन्ही जागा तपासायच्या.

दुसरं वाक्य: 'जोपर्यंत फी भरत नाही तोपर्यंत…' मराठीला तो 'नाही' लागतो. इंग्रजीत 'अनटिल' आणि 'अनलेस' यांच्या पोटात नकार आधीच आहे, म्हणून 'अनटिल यू पे द फी'.

मराठी माध्यमवाल्यांच्या चुका बहुतेक अशाच ठरलेल्या असतात. पुस्तकातले शेकडो नियम एकाच तोलाने पाठ करण्यापेक्षा या जागा आधी पक्क्या करा:

शब्दयोगी. 'त्याच्यावर रागावला' म्हणून आपण 'अँग्री ऑन' करतो. बरोबर रूप माणसासाठी 'अँग्री विथ', गोष्टीसाठी 'अँग्री ॲट'. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' होतं, हवं 'मॅरीड टू'. 'माझ्यापेक्षा सीनियर' म्हणून 'सीनियर दॅन' होतं, हवं 'सीनियर टू'. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रिफर यांनाही 'टू'च. 'त्याबद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं. तिथे काहीच नको, नुसतं 'डिस्कस द मॅटर'.

आदरार्थी अनेकवचन. 'वडील आले आहेत' म्हणून 'माय फादर हॅव कम' कानाला खटकत नाही. इंग्रजी व्याकरणात एक माणूस म्हणजे एकवचन, मग तो कितीही आदरणीय असो.

वचनाची अदलाबदल. आपले 'केस पांढरे झाले' अनेकवचनी, तिथे 'हिज हेअर हॅज टर्न्ड ग्रे'. उलट आपली 'कात्री' एक, पण 'द सिझर्स आर'. 'न्यूज' शेवटी एस असूनही एकवचनी. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, सीनरी, लगेज यांना एस लागत नाही.

दुहेरी जोड. 'जरी… तरी' म्हणून 'ऑल्दो… बट'. यातला एक काढायचा. 'ऑल्दो'सोबत स्वल्पविराम किंवा 'येट' चालतो, 'बट' नाही.

'की'. 'त्याने विचारलं की तू कुठे राहतोस' म्हणून 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डिड आय लिव्ह'. इथे 'दॅट' जातो आणि क्रम साध्या वाक्याचा होतो: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड'.

'जर'. 'तो येईल तर मी जाईन' म्हणून 'इफ ही विल कम'. अटीच्या भागात 'विल' नाही: 'इफ ही कम्स'.

वहीत तीन रकाने आखा: चुकलेलं वाक्य, ते वाचताना मनात आलेलं मराठी वाक्य, दुरुस्त वाक्य. मधला रकाना भरायचा लोक कंटाळा करतात, पण खरं काम तोच करतो. महिनाभरात तुमच्या चुकांचे सात-आठ गटच उरलेले दिसतील.

शिक्षिका_इंग्रजी

तिसऱ्या वाक्याचं कारण वेगळं आहे. कर्ता 'क्वालिटी' आहे, पण 'वेअर'च्या शेजारी 'ट्रेडर्स' येऊन बसलाय आणि कानाने त्याच्याशी जुळवून घेतलं. प्रश्न काढणारे मुद्दाम कर्ता आणि क्रियापद यांच्यात अनेकवचनी नामं कोंबतात. उपाय यांत्रिक आहे. वाक्य पहिल्या शब्दापासून वाचत जाऊ नका. या क्रमाने तपासा:

१. आधी क्रियापद शोधा, मग मागे जाऊन कर्ता. मधला 'ऑफ…', 'विथ…', 'ॲज वेल ॲज…', 'अलाँग विथ…' हा सगळा भाग बोटाने झाका. 'द कलेक्टर ॲज वेल ॲज हिज ऑफिसर्स वॉज प्रेझेंट': कर्ता कलेक्टर, म्हणून 'वॉज'. 'नायदर… नॉर' आणि 'आयदर… ऑर' मध्ये मात्र क्रियापदाच्या जवळचा कर्ता धरायचा.

२. काळ सांगणारा शब्द बघा. यस्टर्डे, अगो, लास्ट वीक असेल तर 'हॅज/हॅव' नको.

३. विशेषण किंवा क्रियापदानंतरचा प्रीपोझिशन. 'लुक फॉरवर्ड टू' आणि 'यूज्ड टू' (सवय या अर्थाने, आधी इज/आर/वॉज) यांच्यापुढे आयएनजी रूप येतं.

४. जोडीचे शब्द. 'नो सूनर'ला 'दॅन', 'हार्डली' आणि 'स्केअर्सली'ला 'व्हेन', 'लेस्ट'ला 'शुड'. वाक्य 'नो सूनर'ने सुरू झालं तर क्रम उलटतो: 'नो सूनर हॅड ही रीच्ड…'

५. शेवटी आर्टिकल आणि तुलना ('मोअर बेटर' वगैरे).

या पाचांत काही सापडलं नाही तरच 'नो एरर'. सुरुवातीला एका वाक्याला मिनिटभर लागेल, सरावाने अर्ध्या मिनिटावर येतं. सीजीएलच्या टियर १ मध्ये (पहिल्या टप्प्यात) चारही विषयांचे मिळून १०० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. इंग्रजीचे २५ प्रश्न १२-१३ मिनिटांत उरकले नाहीत तर गणिताला वेळ उरत नाही. म्हणून घरीही घड्याळ लावूनच सोडवा.

'अ' की 'ॲन' यासाठी देवनागरीचा फायदा घ्या. पुढच्या शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. युनिव्हर्सिटी 'य'ने, म्हणून अ. युरोपियन, अ. वन-रुपी नोट 'व'ने, अ. अवर, ऑनेस्ट, एमएलए हे स्वराने, म्हणून ॲन. फक्त वर्ष या अर्थाचा 'इयर' फसवतो. आपण तो 'इ'ने लिहितो, पण उच्चार 'य'चा आहे, म्हणून 'अ इयर'.

शब्दकोडं

पन्नास शब्द रोज हा आकडाच तुम्हाला मारतोय. पंधरा घ्या, पण उजळणी ठरलेली ठेवा: दुसऱ्या दिवशी, चौथ्या, आठव्या आणि मग महिन्याने. उजळणी म्हणजे यादी वाचणं नाही. अर्थाचा रकाना झाकून स्वतःला विचारायचं. जो शब्द अडला त्याची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

शब्द आधी मागच्या प्रश्नपत्रिकांतून उचला. आणि उत्तराचाच नाही, चारही पर्यायांचा अर्थ लिहा. पर्यायातला शब्द पुढे प्रश्न होऊन येतो.

वन वर्ड सबस्टिट्यूशन (शब्दसमूहासाठी एक शब्द) सुटे पाठ करू नका, कुळाने घ्या. '-साइड' म्हणजे मारणं: पॅट्रिसाइड वडिलांना, मॅट्रिसाइड आईला, फ्रॅट्रिसाइड भावाला, रेजिसाइड राजाला. '-फोबिया': ॲक्रो उंचीची, क्लॉस्ट्रो बंद जागेची, हायड्रो पाण्याची भीती. '-क्रसी': ऑटोक्रसी एकाची सत्ता, प्लुटोक्रसी श्रीमंतांची. '-लॉजी'मध्ये एंटोमॉलॉजी (कीटक) आणि एटिमॉलॉजी (शब्दांचं मूळ) एकाच प्रश्नाच्या पर्यायांत घालतात, तिथे सावध.

इडियममध्ये शब्दशः अर्थाचा पर्याय हमखास सापळा असतो. काही आपल्याकडे जसेच्या तसे आहेत, 'ॲड फ्युएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल ओतणं. ते लगेच बसतात. बाकीच्यांना मराठी वाक्प्रचार जोडा: 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे बिंग फोडणं, 'ॲट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे ऐनवेळी. लांबलचक व्याख्येपेक्षा हे टिकतं.

स्पेलिंग मात्र हाताने रोमन लिपीत लिहूनच. आपण बोलतो तसं लिहिणारे, त्यामुळे कानावर विसंबलो की जोडअक्षरं सुटतात. अकॉमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम. ऑकरन्समध्ये दोन सी, दोन आर. एम्बॅरसमध्ये दोन आर, दोन एस, पण हॅरसमध्ये आर एकच. प्रिव्हिलेजमध्ये डी नाही. प्रनाउन्सचं प्रनन्सिएशन होताना मधला ओ गळतो.

गणित_आधी

अंदाजाचा हिशोब सरळ आहे. टियर १ मध्ये बरोबरला २, चुकीला वजा ०.५०. चार पर्यायांतून डोळे मिटून मारलं तर सरासरी अधिक ०.१२५, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर अधिक ०.३३, दोन बाद झाले तर अधिक ०.७५. टियर २ च्या इंग्रजीत ४५ प्रश्न, बरोबरला ३, चुकीला वजा १. तिथे डोळे मिटून मारण्याची सरासरी बरोबर शून्य, पण दोन पर्याय उरले असतील तर अधिक १. थोडक्यात, किमान एक पर्याय कारणासह उडवता आला तर मारा. २०२३ च्या तलाठी भरतीत इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण होते आणि निगेटिव्ह नव्हतं. अशा पेपरात एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. पण जाहिरात प्रत्येक वेळी नीट वाचा, दर भरतीचं वेगळं असू शकतं.

वाटचाल_सरळसेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. मधला रकाना आजपासून सुरू. एक शंका: सगळे म्हणतात रोज इंग्रजी पेपरचे अग्रलेख वाचा, व्याकरण आपोआप येतं. खरंच?

शिक्षिका_इंग्रजी

आपोआप काही येत नाही. अग्रलेखात चुका छापलेल्या नसतात, त्यामुळे चूक पकडायची सवय त्यातून लागत नाही. क्लोज टेस्ट (उताऱ्यातल्या रिकाम्या जागा), उतारा आणि पॅरा जंबल (विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावणं) यांना मात्र वाचनाचा थेट उपयोग होतो. वीस मिनिटं पुरेत आणि हातात पेन्सिल हवी. फक्त क्रियापदापुढचे प्रीपोझिशन गोल करत जा.

क्लोज टेस्टला पर्याय बघण्याआधी पूर्ण उतारा एकदा वाचा. पहिल्या रिकाम्या जागेचं उत्तर बऱ्याचदा तिसऱ्या वाक्यात असतं. पॅरा जंबलमध्ये पहिलं वाक्य शोधत बसू नका, एक पक्की जोडी शोधा: ज्यात 'अ मॅन' आहे त्याच्यानंतर 'द मॅन' किंवा 'ही'. ती जोडी नसलेले पर्याय उडवले की बहुतेक वेळा दोनच उरतात.

विभक्तीवाला

सहमत, फक्त एक भर. अग्रलेखात किंवा इंटरनेटवर 'डिफरंट दॅन' किंवा 'लेस पीपल' दिसलं म्हणून परीक्षेत ते बरोबर धरू नका. पेपर काढणारे जुन्या, काटेकोर व्याकरणाने चालतात: 'डिफरंट फ्रॉम', 'फ्युअर पीपल', 'ईच ऑफ द बॉइज हॅज'. वापरात काय चालतं हा वाद परीक्षेनंतर. तात्पुरती उत्तरतालिका आल्यावर उत्तर खरोखर चुकीचं वाटलं तर मुदतीत हरकत नोंदवता येते, पण त्यासाठी प्रमाण ग्रंथाचा आधार जोडा.

वाटचाल_सरळसेवा

शेवटचं विचारतो. 'वन ऑफ द' नंतर कधी एकवचन, कधी अनेकवचन दिसतं. 'वन ऑफ द बॉइज इज ॲब्सेंट' समजलं. मग 'ही इज वन ऑफ द ऑफिसर्स हू हॅव रिझाइन्ड' मध्ये 'हॅव' का?

विभक्तीवाला

पहिल्या वाक्यात कर्ता 'वन' आहे, म्हणून 'इज'. दुसऱ्यात 'हू' हा 'ऑफिसर्स'ला धरून येतो: राजीनामा दिलेले अधिकारी अनेक, त्यांपैकी हा एक. म्हणून 'हू'नंतर 'हॅव'. दोन्हीकडे 'वन ऑफ द'नंतरचं नाम मात्र अनेकवचनीच. आणि आधी 'द ओन्ली' लागलं, 'ही इज द ओन्ली वन ऑफ द ऑफिसर्स हू हॅज रिझाइन्ड', तर राजीनामा देणारा एकटाच उरतो आणि क्रियापद एकवचनी होतं. पेपरात हा 'ओन्ली' बघायचा राहतो.