जर्मनीत जपानी पुस्तकं स्वस्तात कशी मागवता?

मिसळ_आणि_मिसो:
नमस्कार मंडळी. मी स्टुटगार्टजवळ राहते, पुण्यात असताना एन३ (जपानी परीक्षेची मधली पातळी) पर्यंत जपानी शिकले होते आणि मग नोकरी, लग्न, जर्मनचं बी१ या भानगडीत ते सगळं माळ्यावर गेलं. आता परत सुरू केलंय पण टेक्स्टबुकांचा कंटाळा आलाय, साध्या गोष्टी-कादंबऱ्या वाचायच्यात. अडचण अशी की जे बुन्को (खिशात मावणारं छोटं पेपरबॅक) तिकडे सातशे-आठशे येनला मिळतं, म्हणजे पाच युरोच्या आसपास, ते इथे दारात येईपर्यंत वीसच्या घरात जातं. मागच्या महिन्यात एकच मागवलं तर शिपिंगच पुस्तकाच्या दुप्पट, वर पोस्टमनने दारात टॅक्सचे पैसे मागितले, मी नेमकी घरी नव्हते, मग शनिवारी जाऊन लाईनीत उभं राहून सोडवून आणलं. नवरा म्हणतो एवढ्यात तर तू तिकडे जाऊन वाचून आली असतीस. किंडल सुचवू नका प्लीज, दिवसभर स्क्रीनच बघते, कागद हवाय. तुम्ही लोक काय करता?

ऱ्हाइनकाठचा_बंड्या:
ताई, एकच पुस्तक मागवलंत तिथेच फसलात. जपानात नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि सगळी दुकानं त्याच भावाने विकतात, कायद्यानेच तशी मुभा आहे, त्यामुळे नव्यावर डिस्काउंट शोधत बसण्यात अर्थ नाही. वाचवायचं ते शिपिंगमध्ये. ॲमेझॉन जपानवर यादी साठवत जायची आणि आठ-दहा झाली की एकदम ऑर्डर. बाहेर पाठवताना जपानचा १० टक्के टॅक्स लागत नाही. इथे पुस्तकांवर ७ टक्के लागतो, १९ नाही, त्यामुळे पार्सलवर 'पुस्तकं' असं स्वच्छ लिहिलेलं असायला पाहिजे. पूर्वी २२ युरोच्या आतलं फुकट सुटायचं, ते जुलै २०२१ पासून बंद झालं. आणि दारात जे मागतात त्यात टॅक्स चिल्लर असतो, पोस्टाचा हँडलिंग चार्जच जास्त. तो एका पुस्तकाला जेवढा, दहांना पण तेवढाच! चेकआउटलाच टॅक्स भरून घेणारा विक्रेता असेल तर ही कटकटच नाही.

अजून एक, कादंबरी आधी मोठ्या जाड आवृत्तीत येते आणि साधारण दोन-तीन वर्षांनी बुन्को निघतं. थांबायची तयारी ठेवा. बुन्को दीड-दोनशे ग्रॅमचं, जाडं आरामात दुप्पट, आणि आपण वजनाचेच पैसे भरतोय.

खोकेवाली_काकू:
अगं मागवतेस कशाला, ड्युसेलडॉर्फला ये ना. इमरमनस्ट्रासेवर जपानी पुस्तकाचं दुकान आहे, ताकागी. भाव तिकडच्यापेक्षा जास्त आहे पण हातात घेऊन चार पानं वाचून बघता येतं, आपल्याला झेपतंय का ते कळतं, ते ऑनलाईन कुठे कळतंय.

पण खरी मजा 'किकोकु सेल'ची. इथे कंपन्यांनी पाठवलेली जपानी कुटुंबं खूप, आणि तिकडचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जाणाऱ्यांची नुसती गडबड. राइसकुकरपासून पुस्तकांपर्यंत सगळं काढून टाकतात. मी गेल्या वर्षी केळ्यांचा एक अख्खा खोका पंधरा युरोला उचलला, चाळीसेक बुन्को होती. गंमत म्हणजे तिकडची दुकानं पुस्तकाला कागदी कव्हर घालून देतात आणि त्या बाईंनी एकाचंही काढलं नव्हतं, सगळे कणे कोरे. घरी येऊन एकेक उघडत बसले तर एकच पुस्तक तीनदा निघालं, बहुतेक त्यांनाही आतलं दिसत नसणार म्हणून परत परत घेतलं असेल :) एकात ओसाकाच्या कुठल्यातरी बेकरीचं बिल होतं. ते मी तसंच खूण म्हणून वापरते.

सदाशिव_सान:
सेकंडहँडच हवी असतील तर बुकऑफ या जपानमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतली ११० येनवाली कपाटं म्हणजे स्वर्ग, पण ऑनलाईन जुनी पुस्तकं विकणारे बरेच जण फक्त जपानातल्या पत्त्यावर पाठवतात. मग फॉरवर्डर घ्यायचा, तो तिकडचा पत्ता देतो आणि सगळं एकत्र करून इकडे पाठवतो. मी एकाकडे (नाव नको) निवांत जमवत बसलो, फुकट साठवणुकीचे दिवस संपलेले लक्षातच नाही, पुस्तकांपेक्षा भाडं जास्त भरलं. तारीख लिहून ठेवा. घाई नसेल तर बोटीने मागवा, दोन-तीन महिने विसरून जायचं. जुन्या ब्लॉगवर 'सॅल' या स्वस्त विमानटपालाने मागवा असं लिहिलेलं दिसेल, ती सेवा कोविडच्या वेळीच बंद पडली, शोधू नका.

ऑफिसातलं कुणी जपानला जात असेल तर पाय धरा. पण पाचच पुस्तकं सांगा, कागद फार जड असतो, मी एकदा वीस सांगितली तेव्हापासून तो मित्र जाताना सांगतच नाही.

मिसळ_आणि_मिसो:
काकू, कोऱ्या कण्यांचा खोका वाचून ऑफिसात हसले एकटीच. पण चाळीस घेऊन मला झेपलीच नाहीत तर?

ऱ्हाइनकाठचा_बंड्या:
मग येताना कोलोनला उतरा, वाटेतच आहे. तिथल्या जपानी कल्चर इन्स्टिट्यूटची लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, आधी तिथे बसून चाळा. आणि आओझोरा बुन्को ही ऑनलाईन लायब्ररी बघितलीय का? १९९७ पासून चालू आहे, कॉपीराइट संपलेलं सगळं फुकट, सोसेकी, आकुतागावा वगैरे जुने लेखक. स्क्रीन नको तर प्रिंट काढा. फक्त भाषा जुनी आहे, एन३ वर घाम फुटेल. मुलांच्या गोष्टींपासून सुरुवात करा, त्यात कांजीवर (चित्रलिपीतल्या अक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरात उच्चार, असतो.

मिसळ_आणि_मिसो:
ठरलं, फेब्रुवारीत येतेय. नवऱ्याला रामेन खायला जाऊ म्हणून सांगितलंय, रिकामी बॅग कशाला ते त्याने अजून विचारलेलं नाही. काकू, किकोकु सेलच्या जाहिराती कुठे लागतात तेवढं मेसेज करा ना.

खोकेवाली_काकू:
केलाय बघ. आणि ते तीनदा निघालेलं, त्यातलं एक तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय.