पूर्ण डोसनंतर पुन्हा मलेरिया: जुनाच की नवा?

प्रश्न: धानोरा तालुक्यातला फाल्सिपेरम (मलेरियाचा एक परजीवी) झालेला रुग्ण. एसीटीचा (आर्टेमिसिनीन असलेलं मिश्र औषध) पूर्ण डोस झाला, 24व्या दिवशी पुन्हा ताप, आरडीटी (झटपट चाचणी) पॉझिटिव्ह. औषध फेल धरायचं का?

उत्तर १: आरडीटीवर जाऊ नका, ताई. ती जे शोधते ते एचआरपी-२ हे परजीवीचं प्रथिन, परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. रक्ताची जाड-पातळ स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघा. परजीवी दिसले तरच पीसीआरला (जनुक तपासणी) पाठवा, परजीवी जुना की नवा ते तिथं कळतं.

उत्तर २: पण पीसीआरसाठी औषधाआधीचा ठिपका (कागदावर वाळवलेलं रक्त) घेतलाय का? नसेल तर तुलना कशाशी करणार! व्हॉटमन 3 या गाळण कागदावर बोटाचं रक्त, मागची बाजू भिजेपर्यंत. थेंबावर थेंब नको. नंबर पेन्सिलीनं, शाई स्पिरिटनं पसरते. खरी डोकेदुखी वाळवण्याची. ऊन, चूल वर्ज्य. सावलीत किमान 3-4 तास, पावसाळ्यात रात्रभर, वर जाळी, नाहीतर मुंग्या ठिपका फस्त करतात. मग प्रत्येक कागद वेगळ्या झिप पिशवीत, सोबत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे). निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

उत्तर ३: लॅब दोन्ही ठिपक्यांतल्या परजीवीच्या एमएसपी-१, एमएसपी-२ या जनुकांचे (हेच मार्कर) पट्टे ताडून बघते. प्रत्येक मार्करला निदान एक पट्टा जुळला तर जुनाच परजीवी. एखाद्या मार्करला एकही जुळला नाही तर नवा. एकाच रक्तात दोन-तीन वाण असले की निकाल फसवा निघू शकतो. व्हायवॅक्सला (मलेरियाचा दुसरा परजीवी) हा हिशोब चालत नाही, तो यकृतातून परततो.