केआय-६७ जास्त आलं म्हणजे गाठ परत येणारच असं नाही
ताई, भाच्याच्या गुडघ्याजवळच्या जायंट सेल ट्यूमरच्या (हाडातल्या एका गाठीच्या) रिपोर्टात केआय-६७ जास्त आलंय म्हणून धीर सोडू नका हो. ते प्रोटीन किती पेशी विभागायला लागल्यात तेवढंच दाखवतं, या गाठीत त्यावरून पुढचा अंदाज भरवशानं बांधता येत नाही. एच३.३ जी३४डब्ल्यू (या गाठीतल्या बदललेल्या प्रोटीनची तपासणी) पॉझिटिव्ह आलं तर निदान पक्कं होतं, बास. खरा फरक ऑपरेशननं पडतो, नुसती खरवडली की परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून हाडाची आतली भिंत बर ड्रिलनं (फिरत्या घासणीच्या यंत्रानं) घासली का, पोकळीत हाडाचं सिमेंट भरलं का ते सर्जनना स्पष्ट विचाराच. बहुतेक वेळा परत येते ती पहिल्या २-३ वर्षांतच. आमचा मावसभाऊ, पेठेतला फुटबॉलवाला पोरगा, त्यालाही हीच गाठ झालेली, त्याच्या एक्स-रेत सिमेंटच्या कडेची काळी रेघ रुंदावत चाललेली दिसली आणि तिथंच गाठ परत आल्याचं कळलं. कोल्हापुरातनं दरवेळी पुण्या-मुंबईला पळायला नको, नंतरच्या तपासणीचे एक्स-रे इथंच काढा, पण जुनी फिल्म शेजारी ठेवूनच दाखवा.